मोतद्दाराचा कठडा

क्लिफर्ड हॉर्नबेकला हवा होता तो फक्त एक कठडा. दर्शनी दाराच्या पाच पायऱ्यांना, उजव्या हाताला, सात फूट लांबीचा. सात फुटांत माणसाचं काय काय बिघडू शकतं याची त्याला त्या वेळी कल्पना नव्हती.

व्हर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं होतं. इस्पितळाने एक कागद दिला होता. घरच्या पायऱ्यांना धरायला भक्कम कठडा असेल तरच पेशंटला घरी सोडू, नाहीतर सहा आठवडे शुश्रूषा केंद्रात. त्या केंद्रात व्हर्नाची बहीण एकदा राहून आली होती आणि तिथे तिन्ही त्रिकाळ नारिंगी जेली देतात अशी बातमी तिने आणली होती. "मी लंगडत जगेन, पण ती जेली खाणार नाही," असं व्हर्नाने जाहीर केलं. छत्तीस वर्षांच्या संसारात व्हर्नाने जाहीर केलेली गोष्ट फिरल्याचं क्लिफर्डला आठवत नव्हतं. तेव्हा शनिवारी सकाळी तो हार्डवेअरच्या दुकानातून काळा लोखंडी कठडा, स्क्रूंचं पाकीट आणि शेजाऱ्याचं ड्रिल घेऊन पायऱ्यांवर येऊन बसला.

ड्रिल ज्याचं होतं तो शेजारी, ओटिस लुंडीन, ड्रिलपाठोपाठ स्वतःही आला. टॉलिव्हर फॉल्समध्ये कुणी काहीही दुरुस्त करायला बसलं की ओटिस कॉफीचा मग घेऊन हजर होतो. तो स्वतः कशालाही हात लावत नाही. हात लावला की सल्ल्याचं वजन जातं, असं त्याचं मत.

"विचारू नकोस कुणाला," ओटिस म्हणाला. "ठोक आणि मोकळा हो. कुणी बोललंच तर सॉरी म्हण."

"कुणाला विचारायचं असतं का?" क्लिफर्डने विचारलं.

इथेच चुकलं. क्लिफर्ड हा रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही तांबड्या दिव्यापाशी थांबणारा माणूस. पस्तीस वर्षं त्याने मेन स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान चालवलं, आणि ज्याला चष्म्याची गरज नाही त्याला "तुम्हाला गरज नाही" असं सांगून घरी पाठवलं. दुकान फार वाढलं नाही ते त्यामुळेच, असं व्हर्ना म्हणायची.

"क्लिफर्ड, ते काय आहे?" कुंपणापलीकडून आवाज आला.

बर्निस किट्रिज. गावाच्या वारसा समितीची अध्यक्ष, नवरा गेल्यापासून एकटी. चेस्टनट स्ट्रीटवरचं प्रत्येक घर शंभरी ओलांडलेलं, आणि प्रत्येक घराच्या चौकटीची, कौलाची, दाराच्या मुठीची काळजी बर्निसच्या जिवाला. एका हिवाळ्यात कुणाच्या तरी पोरांनी अंगणात बर्फाचा माणूस करून त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची बादली ठेवली, तर त्या घराला बाईंचं पत्र गेलं होतं. बर्फाला आक्षेप नव्हता. बादली काळाशी सुसंगत नव्हती.

"कठडा आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"तो मला दिसतोय. परवानगी कुठे आहे?"

ओटिसने मगात तोंड घातलं. क्लिफर्डने ड्रिल खाली ठेवलं, आणि ते पुढे बराच काळ खालीच राहिलं.

सोमवारी तो नगरपालिकेत गेला. खिडकीमागच्या कारकून बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नवीन बसवताय की जुन्याची दुरुस्ती?"

"नवीन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दुरुस्तीला परवानगी लागत नाही. आत्ता शिक्का मारून देते. म्हणून पुन्हा विचारते. नवीन, की दुरुस्ती?" आणि त्यांनी भुवया अशा काही वर केल्या की खिडकीशेजारी ठेवलेल्या कुंडीतल्या झाडालासुद्धा उत्तर कळलं असतं.

"पण आधी कठडा नव्हताच," क्लिफर्ड म्हणाला.

"नीट आठवा."

"नव्हता. मला पक्कं आठवतंय."

बाईंनी एक दीर्घ उसासा टाकला आणि चौदा पानांचा अर्ज बाहेर सरकवला.

अर्जाच्या नवव्या पानावर 'घराच्या मूळ काळातील छायाचित्र जोडावे' असं होतं. जुनी छायाचित्रं वाचनालयाच्या तळघरात, आणि तळघर मंगळवारी आणि गुरुवारी एक ते तीन उघडं. तिथे हारलन व्हॉस बसायचा. पूर्वी तो गावचा दातांचा डॉक्टर होता. पांढरे हातमोजे त्याला तेव्हापासूनच शोभायचे, आता तो ते घालून जुने कागद उपसायचा, आणि कागद ओरडत नसल्यामुळे जास्त सुखात होता.

छायाचित्राबद्दल क्लिफर्डच्या मनात धाकधूक अजिबात नव्हती. उलट छाती थोडी फुगलेलीच होती. ते घर न्यायमूर्ती पेनिमन यांनी बांधलं, असं घर विकणाऱ्या दलालाने तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि क्लिफर्ड ते प्रत्येक पाहुण्याला सांगत आला होता. दिवाणखान्यात भिंतीला एक जाडजूड लोखंडी कडी होती. "न्यायमूर्ती इथे आपला कोट अडकवायचे," असं म्हणून तो पाहुण्यांचे कोट त्याच कडीला लावायचा. पाहुणे क्षणभर तरी गंभीर व्हायचे.

दुसऱ्या गुरुवारी हारलनला फोटो सापडला. अठराशे एक्क्याण्णवचा. त्याने तो टेबलावर ठेवला आणि त्याचे डोळे पाणावले.

"क्लिफर्ड, अरे, तुझं घर म्हणजे पागा आहे!"

"काय आहे?"

"पागा! न्यायमूर्तींच्या घोड्यांची पागा! अख्ख्या काउंटीत एकही शिल्लक नाही असं आम्ही धरून चाललो होतो. अभिनंदन!"

"मग न्यायमूर्ती कुठे राहायचे?"

"शेजारी. बर्निसच्या घरात." हारलनने हातमोजा घातलेलं बोट फोटोवरून फिरवलं. "इथे चार घोडे. इथे गाडी. आणि या बाजूच्या पायऱ्या मोतद्दाराच्या खोलीच्या. घोड्यांची निगा राखणारा माणूस, तो इथे राहायचा. तेच आता तुझं पुढचं दार. तुझा टीव्ही कुठे आहे?"

क्लिफर्डने बोट दाखवलं.

"तिथे शेण साठवायचे," हारलन म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा चेहरा इतका आनंदी होता की क्लिफर्डला त्याच्यावर रागावताही येईना. "भिंतीला एखादी लोखंडी कडी शिल्लक आहे का रे? घोडा बांधायची?"

क्लिफर्डला तीस वर्षांतले पाहुण्यांचे सगळे कोट आठवले.

वाचनालय ते चेस्टनट स्ट्रीट हे अंतर चालत सात मिनिटांचं. बातमी त्याच्या आधी पोचली होती. फाटकापाशी ओटिस गाजर घेऊन उभा होता.

"काय रे, आज खरारा झाला का?"

क्लिफर्ड मान ताठ ठेवून आत गेला. व्हर्ना खुर्चीत बसून इतकी हसत होती की तिने खुबा हातांनी धरून ठेवला होता.

"हसू नकोस. दुखेल," तो म्हणाला.

"दुखतंयच! क्लिफर्ड, तीस वर्षं मला वाटत होतं की पावसात वास येतो तो तुझ्या बुटांचा!"

पुढच्या आठवड्यात त्याला गावात तोंड दाखवणं कठीण झालं. न्हाव्याने आयाळ किती ठेवू असं विचारलं. चर्चमध्ये पाद्र्यांनी प्रवचनात गव्हाणीचा उल्लेख केला आणि दोन बाकांनी मागे वळून हॉर्नबेक कुटुंबाकडे पाहिलं. क्लिफर्डला सगळ्यात जास्त लागलं ते हे की कुणीही हे दुष्टपणे करत नव्हतं. गाव खरोखरच खूष होतं. तीस वर्षं तो न्यायमूर्तींच्या नावाने कोट अडकवत होता तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि शेणाच्या जागेत बसून टीव्ही बघतो म्हटल्यावर लोक त्याच्या घरापुढे थांबून फोटो काढायला लागले. एका सकाळी तो पायजम्यावर वर्तमानपत्र उचलायला बाहेर आला, तर एक म्हातारी पर्यटक बाई म्हणाली, "तसेच उभे राहा, फार नैसर्गिक दिसतंय."

समितीची सुनावणी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात झाली. पाच सदस्य, एक पाण्याचा जग, आणि मधोमध तो फोटो. पहिला पाऊण तास पागेच्या कौतुकात गेला. मग पागेच्या मूळ रंगावर चर्चा झाली. त्याआधी एक तज्ज्ञ येऊन क्लिफर्डच्या भिंतीचे पाच थर चाकूने खरवडून गेला होता, आणि खाली बैलाच्या रक्तासारखा तांबडा रंग सापडला होता. शिवाय खिडक्यांच्या जागी रुंद, दोन झडपांची दारं पुन्हा बसवावीत, असंही एका सदस्याने सुचवलं.

"मी आत राहतो," क्लिफर्ड म्हणाला.

"त्याची नोंद घेतली आहे," सदस्य म्हणाला.

शेवटी कठड्याचा विषय निघाला. फोटो सगळीकडे फिरला. पायऱ्या अर्ध्याच दिसत होत्या, कारण त्यांच्या पुढे एक घोडा उभा होता. क्लिफर्ड चष्म्याचा माणूस. त्याने दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणलं होतं.

"कठडा घोड्याच्या मागे असू शकतो," तो म्हणाला. हे बोलताना त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या, कारण तसा तो असेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं.

बर्निसने चष्मा काढला. चष्मा त्याच्याच दुकानातला होता. "मिस्टर हॉर्नबेक," ती म्हणाली. एरवी ती त्याला क्लिफर्ड म्हणायची. "घोड्याच्या मागे काय असेल यावर ही समिती निर्णय देत नाही."

अर्ज पुढच्या सुनावणीवर ढकलला गेला. पुढची सुनावणी सप्टेंबरात. ऑपरेशन बारा जूनला.

"आता मी सांगतो तसं कर," ओटिस म्हणाला. "परवानगी लागते ती पक्क्या बांधकामाला. हलवता येणाऱ्या वस्तूला कोण काय करणार?"

हा सल्ला ऐकायला नको होता. पण व्हर्ना इस्पितळात होती, घर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरात ओटिसचे सल्ले फार शहाणे वाटायचे. क्लिफर्डने तळघरातून बर्फावर घसरण्याच्या काठ्यांच्या तीन जोड्या काढल्या, सहा बादल्यांत सिमेंट कालवलं, प्रत्येकीत एकेक काठी उभी केली, आणि वरून जाड दोर बांधला. दोन दिवस सिमेंट वाळू दिलं. मग बादल्या पायऱ्यांच्या कडेने मांडल्या. दिसायला ते एखाद्या दरिद्री बंदरासारखं दिसत होतं, पण दोर ताठ होता.

"टेकून बघ," ओटिस म्हणाला.

क्लिफर्ड टेकला. सर्वांत वरची बादली एक पायरी उतरली. खालच्या बादल्यांना ते पटलं. क्लिफर्ड दोर सोडून देण्याइतका वेळेवर शहाणा झाला नाही, आणि सहा बादल्यांसह तो जांभळ्या हायड्रेंजियाच्या झुडपातून आरपार बर्निसच्या कुंपणात गेला.

उजवं मनगट मुरगळलं. सहा आठवडे पट्टा. संध्याकाळी बर्निसचं पत्र आलं. त्यात प्रकृतीची चौकशी होती, मोडलेल्या कुंपणाबद्दल एक अवाक्षर नव्हतं, आणि शेवटी एक ओळ होती: बादल्या आपल्या रस्त्याच्या काळाशी सुसंगत नाहीत.

शुक्रवारी इस्पितळाची बाई फॉर्म घेऊन व्हर्नाच्या खाटेशी आली. "घरी कठडा आहे ना? इथे 'हो'वर खूण करा."

क्लिफर्डने डाव्या हातात पेन घेतलं. व्हर्ना त्याच्याकडे टक लावून बघत होती. पेन बराच वेळ कागदावर तरंगलं, आणि मग 'नाही'वर उतरलं.

 व्हर्नाने भिंतीकडे तोंड केलं. छत्तीस वर्षांत ती त्याला बरंच काही बोलली होती, पण तिची पाठ पाहून जे वाटलं ते त्यातल्या कशाने वाटलं नव्हतं. घरी येऊन तो पायऱ्यांवर बसला. त्याला प्रथमच असं वाटलं की खरं बोलणं ही काही वेळा नुसती सवय असते, सकाळी उठून चष्मा पुसण्यासारखी.

शनिवारी ओटिस आपल्या गाडीतून दोघांना घेऊन निघाला. चौकात केंद्र उजवीकडे होतं.

"डावीकडे घे," व्हर्ना म्हणाली.

"अगं, पण केंद्रात तुझं नाव नोंदवलंय," क्लिफर्ड म्हणाला.

"मग तू जाऊन राहा. जेली खा. ओटिस, डावीकडे."

ओटिसने आयुष्यात प्रथमच सल्ला न देता गाडी वळवली.

तो नेमका गावचा वारसा दिवस निघाला, जुनी घरं पर्यटकांना दाखवण्याचा. घरासमोर चाळीसेक माणसं टोप्या घालून उभी होती आणि पायऱ्यांपाशी बर्निस कार्डावरून पागेचा इतिहास वाचत होती. बाजूला हारलन फोटोची मोठी प्रत धरून उभा होता. गाडीचं दार उघडलं. आधी चाकांचा वॉकर उतरला, मग व्हर्ना. गर्दी आपोआप बाजूला झाली. बर्निसचं वाचन थांबलं.

वॉकर पायऱ्यांवर चढत नाही. व्हर्नाने तो क्लिफर्डच्या चांगल्या हातात दिला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि उजवा हात सवयीने बाजूला टाकला. तिथे हवा होती. ती कलली. क्लिफर्डच्या एका हाताला पट्टा, दुसऱ्यात वॉकर. त्याच्या तोंडून नुसता आवाज निघाला. सगळ्यात जवळ बर्निस होती. तिने कार्डं टाकली आणि खांदा पुढे केला.

पाच पायऱ्यांना दहा मिनिटं लागली. चाळीस माणसं श्वास धरून बघत होती. तिसऱ्या पायरीवर व्हर्ना थांबली. कपाळावरून घाम गळत होता.

"बर्निस," ती हळूच म्हणाली, "तुझा वॉल्टर आजारी होता तेव्हा त्याला कसं गं न्यायचीस वर? तुझ्या तर नऊ पायऱ्या."

बर्निसने समोरच्या दाराकडे पाहिलं. "असंच. खांद्यावर. चौदा महिने."

"कठडा का नाही लावलास?"

"अध्यक्षानेच नियम मोडायचा?" बर्निस म्हणाली. मग व्हर्नाचा हात खांद्यावर नीट घेत म्हणाली, "दोनदा पडला तो."

व्हर्नाने पाय उचलला. चौथी पायरी. पाचवी. वर पोचल्यावर खालून टाळ्या वाजल्या. एका पर्यटक बाईने डोळे पुसत विचारलं, "त्या काळी इथे धरायला काही नव्हतं का हो?"

बर्निसचा श्वास लागला होता. कार्डं खाली गवतात पडली होती. तिने पदर नसलेल्या माणसाने पदर सावरावा तसा कोट सारखा केला.

"होता," ती म्हणाली. "कठडा होता."

हारलनने मान वर केली.

"इथे जो मोतद्दार राहायचा," बर्निस सांगू लागली, आधी चाचरत आणि मग एकदम ठामपणे, "त्याला पायऱ्या चढवत नसत. एक पाय अधू होता. न्यायमूर्तींनी त्याच्यासाठी मुद्दाम कठडा लावून घेतला. लोखंडी. या बाजूला. त्या मोतद्दाराचं नाव वॉल्टर."

"बर्निस," हारलन म्हणाला, "याची नोंद कुठे आहे?"

"माझ्या आजीने सांगितलं."

"पण फोटोत तर—"

"घोड्याच्या मागे आहे, हारलन."

हारलनने फोटोकडे पाहिलं, बर्निसकडे पाहिलं, दारात घामाघूम उभ्या असलेल्या व्हर्नाकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरला दुखतंय कुठे हे कळायला वेळ लागत नाही. "हो, हो," तो म्हणाला. "शेपटीपाशी थोडासा दिसतोय खरा."

"तो कठडा मध्यंतरी गहाळ झाला," बर्निस लोकांना म्हणाली. "त्याची लवकरच दुरुस्ती होणार आहे."

क्लिफर्ड वॉकर घेऊन एव्हाना वर पोचला होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बर्निस, मला वाटतं आपण इथे स्पष्ट केलं पाहिजे की—"

व्हर्नाने त्याच्या हातून वॉकर घेतला, उचलला, आणि त्याचा पाय क्लिफर्डच्या बुटावर टेकवला. मग त्यावर स्वतः टेकली.

सोमवारी क्लिफर्ड नगरपालिकेच्या खिडकीपाशी उभा राहिला. कारकून बाईंनी विचारलं, "नवीन की दुरुस्ती?"

क्लिफर्डने घसा खाकरला. छताकडे पाहिलं. "दु—" तो म्हणाला, आणि शिक्का बसला. बाईंनी तो आधीपासूनच हातात धरला होता.

दुपारी कठडा लागला. स्क्रू क्लिफर्डने डाव्या हाताने पिळले, पण भोकं ओटिसने पाडली. म्हणजे त्याने ड्रिलला खरोखर हात लावला, आणि पुढचा महिनाभर तो ही गोष्ट गावात सांगत होता. बर्निसने आपल्या कुंपणापलीकडून पाहिलं आणि चार दिवसांनी तिच्याही नऊ पायऱ्यांना दुरुस्ती झाली. कुणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात पानं लाल झाली की टॉलिव्हर फॉल्समध्ये पर्यटकांची गर्दी होते. एका दुपारी व्हर्ना काठी टेकत चर्चमध्ये केक विकायला गेली होती आणि क्लिफर्ड पायऱ्यांवर बसून सफरचंद सोलत होता. फाटकातून एक नवरा-बायको आत आली. त्यांनी वॉल्टर मोतद्दाराची सगळी गोष्ट ऐकली होती. बायकोने कठड्यावरून अलगद हात फिरवला.

"बघा हो," ती नवऱ्याला म्हणाली, "हाताला कसा लागतो! जुन्या माणसांच्या कामाची सर आताच्या कामाला यायची नाही. एकेक स्क्रू कसा मनापासून बसवलाय!"

क्लिफर्डने सफरचंद खाली ठेवलं. तोंड उघडलं. मिटलं. पस्तीस वर्षांचा प्रामाणिकपणा त्याच्या घशाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या शेजारी सात फूट कठडा.

"आभारी आहे," तो म्हणाला.